न आलेल्या आवाजाची उपकारस्तुती

आईचा आवाज परत आल्याबद्दल उपकारस्तुतीची सभा ठरली, तेव्हा आवाज आलेला नव्हता. हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे तेव्हा मला जे कोडं पडलं ते वाचणाऱ्यालाही पडेल. रविवारची भक्ती संपली, लोक चपला शोधायला उठणार एवढ्यात पेटीवाले मामा उभे राहिले. आमच्या मंडळीचे ते पंच, आणि देवळातली बाजाची पेटी त्यांच्याशिवाय कुणी उघडत नसे. डोळे मिटून ते म्हणाले की आता मागणं बंद करायचं. मागितलं म्हणजे मिळालं असं धरून चालायचं आणि नुसते आभार मानायचे. हंगामाचा सण झाला की पुढच्या रविवारी सभा, सभेनंतर जेवण. सगळ्यांनी आमेन म्हटलं. बायकांच्या सतरंजीवर आई माझ्या शेजारी बसली होती. तिनेही ओठ हलवले, आणि त्या आमेनमधून नुसती हवा आलेली मी ऐकली.

आमच्यात मूल झालं, नोकरी लागली, कुणी दुखण्यातून उठलं, की लोकांना बोलावून देवाचे आभार मानतात. गीतं होतात, ज्याच्यावर उपकार झाला तो उभा राहून साक्ष देतो, मग पंगत बसते. म्हणजे आधी उपकार, मग स्तुती. इथे सगळं उलटं चाललेलं. बाजारात तुरी म्हणतात त्यातला प्रकार, पण देवळात असं म्हणायची सोय नव्हती.

मला घरात 'चौकशी खिडकी' म्हणत. वडील एसटीत कंडक्टर होते, गंगापूरच्या गाडीवर, त्यामुळे आमच्या घरातली निम्मी चेष्टा स्टँडवरून यायची. माझे प्रश्न सुरू झाले की वडील हाताने खिडकी लावल्यासारखं करून म्हणायचे, "चौकशी बंद." पण स्टँडवरची खिडकी जशी बंद असली तरी लोक तिथंच उभे राहतात, तशी मी उभी राहायची.

आई बायबलबाई होती. ज्यांना हा शब्द ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. दुपारचं घरकाम आटोपून बायका जरा टेकतात त्या वेळी दारोदार जायचं, ओळख काढायची, एखादं गीत म्हणायचं, शास्त्रातली, म्हणजे बायबलातली, गोष्ट सांगायची, घरात कुणी आजारी असेल तर प्रार्थना करायची. काळी छत्री, खांद्याला पिशवी आणि गळ्यात तो आवाज, एवढं तिचं हत्यार. आवाज म्हणजे काय आवाज! छावणीच्या मैदानापलीकडून तिने हाक मारली की दुसऱ्यांची पोरंही घरी पळायची. देवळात पहिली ओळ तिची असायची. पेटीवाले मामा आधी तिच्याकडे बघायचे, तिचा स्वर ऐकायचे आणि मग पेटीवर पट्टी धरायचे.

त्या वर्षी उन्हाळ्यात तिच्या गळ्याला गाठ आली. आधी लिंबाएवढी होती, मग वाढली. झोपेत तिचा श्वास अडकायला लागला तेव्हा वडिलांनी रजा टाकली आणि तिला परगावच्या मिशनच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी काही लपवलं नाही. गाठ आवाजाच्या शिरेला वेढा घालून बसली होती. ठेवली तर श्वास जाणार, काढली तर बहुधा आवाज जाणार. आईने श्वास मागून घेतला.

ती परत आली ती गळ्याला पांढरा रुमाल बांधून. बोलली तर तिच्या तोंडाशी कान लावावा लागे, आणि चार शब्दांनंतर खोकल्याची उबळ येई. ज्येष्ठमध झालं, हळदीचं दूध झालं, शेजारच्या मुसलमान मावशीनं, आमच्या खालांनी, कुठून तरी पोळ्याचा मध आणून दिला. आवाज काही हलला नाही. शेवटी वडिलांनी घरात एसटीचा कायदा लागू केला. आईने ताटावर किंवा भिंतीवर एक ठोका मारला की थांबायचं. दोन मारले की चालू पडायचं. स्वयंपाकघरातून टण असं ऐकू आलं की मी हातातलं सोडून पुतळ्यासारखी उभी राहायची. टणटण झालं की पुन्हा सुरू. आम्हाला त्याची इतकी सवय झाली की पाहुणे आले तरी तसंच चालायचं आणि ते बिचारे गोंधळायचे.

घरातली प्रार्थना मात्र वडिलांच्या अंगावर पडली. त्यांचं शिक्षण निजामाच्या वेळचं, उर्दूतलं. पोलिस ॲक्शननंतर मराठीचे दिवस आले तोवर त्यांची शाळा सुटलेली. मराठी ते वाचायचे, पण खडीच्या रस्त्यावरून गाडी जावी तसं. आवाज होता तोपर्यंत संध्याकाळचं शास्त्र आई वाचायची आणि ते मान खाली घालून ऐकायचे. आता ते वाचायला लागले. प्रत्येक ओळीला थांबा. प्रार्थना करतानाही त्यांचा सूर सुटायचा नाही: "देवबापा, इथवर आणलंस, पुढंबी ने, सगळ्यांना जागा दे." मला हसू यायचं. आईलाही यायचं, पण तिच्या हसण्याला आता आवाज नसल्यामुळे नुसते खांदे हलायचे, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी कधी यायला लागलं ते कळायचं नाही.

कारण प्रश्न साधा होता. आवाज नसलेली बायबलबाई काय कामाची? आमच्या देवळाचे पाळकसाहेब भले माणूस होते. हंगामाच्या सणापर्यंत काही विचारायचं नाही, असं त्यांनीच पंचांकडून कबूल करून घेतलं होतं. त्यानंतर पंच बसणार होते. आईला मुलींच्या बोर्डिंगात धान्य निवडायला, देखरेखीला ठेवावं, असं बोलणं कानावर आलं होतं. त्या कामात कमीपणा नव्हता. पण एकदा तिने मला जवळ ओढलं आणि कानात म्हणाली, "देवानं मला ह्याच कामाला बोलावलं व्हतं ना? मग बोलावणाऱ्यानंच कामून तोंड बंद केलं?" मी चौकशी खिडकी. पण माझी आई मला प्रश्न विचारते ह्याचं मला भय वाटलं.

म्हणून मी पाळकसाहेबांकडे गेले. ते अंगणात खाटेवर बसून दौलताबादहून कुणी आणलेली सीताफळं टोपलीत निवडून ठेवत होते. मी सलाम केला आणि उभ्या उभ्या विचारलं की आवाज आलेलाच नसताना आभार कशाचे मानायचे. देवाला ते खोटं वाटणार नाही का?

त्यांनी मला एक पिकलेलं सीताफळ दिलं. मग जुन्या करारातल्या त्या माणसाची गोष्ट सांगितली, जो नदीच्या काठी रात्रभर कुणाशी तरी झोंबत राहिला. समोरचा देवाकडचा होता. पहाट झाली तरी ह्याने सोडलं नाही, आशीर्वाद दे म्हणून अडून बसला. आशीर्वाद मिळाला, पण त्या झोंबाझोंबीत मांडीचा सांधा निखळला आणि पुढे तो लंगडतच चालला. गोष्ट मला माहीत होती. शब्बाथशाळेत त्यावर मला बक्षीसही मिळालं होतं. पण तोवर मी कुस्तीकडेच बघितलं होतं, लंगडण्याकडे नाही.

"मग पाय बरा का नाही केला?" मी विचारलं. "आशीर्वाद द्यायचाच होता तर पायासकट द्यायचा."

पाळकसाहेबांनी एक पिचलेलं सीताफळ टोपलीतून बाजूला काढलं. "पोरी, ह्या गोष्टीवर मी कितीदा उपदेश केलाय," ते म्हणाले, "पण ते मला अजून कळलेलं नाही. तुला कळलं तर मला येऊन सांग." त्यांनी ते असं म्हटलं की चेष्टा आहे की खरं ते मला कळेना. आता वाटतं, खरंच होतं.

ह्या दिवसांत आई दुपारी घराबाहेर जायची. छत्री तीच, पिशवी तीच. पण पिशवीत शास्त्र असायचं तसं आता सुईदोऱ्याचं पुडकं आणि बोटात घालायचं अंगुस्तानही असायचं. कुठे जातेस म्हटलं तर भिंतीवर एक ठोका, म्हणजे थांब, विचारू नको. मुक्या बायबलबाईचं दारोदार काय काम असणार? मला राहवेना. एके दिवशी शाळेला दुपारची सुट्टी होती, तेव्हा मी तिच्या मागे गेले. लपूनछपून वगैरे नाही. मागून चालत राहिले, आणि तिने मागे वळून पाहिलं नाही एवढंच.

ती खाम नदीचा पूल ओलांडून पलीकडच्या वस्तीत गेली आणि एका निळ्या दाराशी थांबली. ते दार पाहून मी चाट पडले. ते मला ठाऊक होतं. वर्षभरापूर्वी मी आईबरोबर तिथे आले होते. तिथे पिशोरकडची एक बाई राहायची. घरची शेतीवाडीवाली माणसं, गावाकडे बैलबारदाना मोठा, नवरा इथे कचेरीत कारकून. आईने नेहमीप्रमाणे उंबऱ्यापाशी बसून गीत सुरू केलं होतं आणि मग स्वर्गाबद्दल सांगायला लागली होती. बाई थोडा वेळ ऐकत उभी राहिली, आणि आईचं वाक्य पुरं व्हायच्या आत तिने शांतपणे दार लावून घेतलं होतं. परतताना आई मला म्हणाली होती, ह्या घरात आपल्याला जागा नाही.

आता आईने दोन ठोके मारले आणि दार उघडलं.

मी बाहेरच्या ओट्यावर खिडकीखाली बसले. आत दोघी जमिनीवर बसून वाकळ शिवत होत्या. आई एका टोकाला, बाई दुसऱ्या टोकाला, मध्ये पसरलेले कपड्यांचे तुकडे. त्यांत लहान मुलीचे झगे होते हे बघताक्षणी कळलं. एक पिवळा, एक ठिपक्यांचा, एकाला बाहीपाशी बटणं तशीच. बाई बोलत होती. तिची लेक गोवराच्या तापात गेली होती. ती कशी चालायला उशिरा शिकली, तिला गूळ कसा चोरून लागायचा, शेवटच्या दुपारी तिने पाणी मागितलं तेव्हा डॉक्टरांनी नको सांगितलं होतं म्हणून हिने दिलं नाही, आणि ते पाणी आता हिच्या घशात अडकतं. एवढं सगळं ती सांगत होती आणि आईची सुई चालली होती. मध्येच बाई थांबली. पदर तोंडाला लावून बसली. मला वाटलं, आता आई काहीतरी सांगेल. पूर्वीची आई असती तर स्वर्ग काढला असता, मी पैजेवर सांगते. आईने अंगुस्तानाचं बोट फरशीवर दोनदा आपटलं. टकटक.

बाईने डोळे पुसले आणि पुढे बोलायला लागली.

परतताना आईने मला पुलावर गाठलं. मी मागे आहे हे तिला पहिल्यापासून माहीत होतं. रागावली नाही. कठड्याला टेकून तिने माझं डोकं जवळ घेतलं आणि थांबत थांबत, मध्ये खोकत, म्हणाली, "हिच्या लेकराला जाऊन महिना झाला नव्हता, तवा मी गाणं म्हणत गेले व्हते. मला ठावंबी नव्हतं, मागाहून कळलं. माझा आवाज व्हता ना, मी तिला बोलूच दिलं न्हाई." खोकला शमल्यावर पुढे म्हणाली, "आता मला बोलताच येत न्हाई. मग मी बसून राहते." मी विचारलं, तिला येशूबद्दल सांगतेस का? आई जरा हसली. सांगायला आवाज कुठाय, असं तिने हाताने दाखवलं. मग म्हणाली, "तो बसतो तिथं. मी एकटी नसते."

हे मला तेव्हा अर्धंच कळलं. एवढं मात्र कळलं की त्या दुपारच्या बसण्याने आईत काहीतरी बदललं होतं. घरी ताटावर तिचे ठोके पूर्वीपेक्षा मोकळे पडायला लागले. रडणं बंद झालं नव्हतं. पण रडल्यावर ती छत्री घेऊन निघायची.

हंगामाचा सण झाला. वेदीपुढे ज्वारीची कणसं, भोपळे, अंडी, पाय बांधलेली कोंबडी असं सगळं मांडलं गेलं, बोली लावून विकलं गेलं, आणि सभेचा रविवार जवळ आला. आईची सभेला तयारी नव्हती. तिने वडिलांना सांगून पाहिलं. वडिलांनी मामांना सांगून पाहिलं. मामा म्हणाले, आता शंका काढली तर सगळं मुसळ केरात जाईल. ते असं का म्हणतात, हे वडिलांनी मला नंतर सांगितलं. मामांची बायको पूर्वी तापाने गेली होती. तिच्यासाठी प्रार्थना करताना त्यांच्या मनात शंका आली होती, आणि तिच्या जाण्याचं खापर त्यांनी स्वतःच्या त्या शंकेवर फोडलं होतं. म्हणून ह्या खेपेला त्यांनी शंकेला दारातच अडवायचं ठरवलं होतं. ते ऐकल्यावर मामांबद्दलचा माझा राग गेला. पण सभा टळली नाही.

सभेच्या दिवशी देऊळ भरलं. बाहेर पुलावाच्या देगी लागल्या होत्या आणि उपदेश चालू असताना वास आत येत होता. शेवटी पाळकसाहेबांनी, जरा अडखळतच, आईला साक्ष द्यायला उठायला सांगितलं. ती उठली. मामांनी पेटीवर तिच्या आवडत्या गीताची सुरावट वाजवली आणि तिची पहिली ओळ यावी म्हणून थांबले. आईने तोंड उघडलं. हवा आली. मामांनी सुरावट पुन्हा वाजवली, ह्या वेळी हळू, लेकराला चालायला शिकवताना बोट धरावं तशी. आईची मान ताणली, रुमालाखालचा व्रण लाल झाला, आणि पुन्हा हवाच आली. मामांचे हात पेटीवर तसेच राहिले. कुणी तरी हुंदका दिला. मागून एक पुटपुट आली की विश्वास कमी पडला. मला वाटलं, आई आता खाली बसेल आणि मी तिला घेऊन घरी पळेन. ती बसली नाही. सगळ्यांसमोर, रिकाम्या तोंडाने, ती उभीच राहिली.

दाराशी चपलांजवळ कुणी तरी उभं राहिलं. पिशोरची बाई होती. डोक्यावर पदर, हातात घडी घातलेली ती वाकळ. आईने तिला जेवायला बोलावलं होतं, आणि ती दाराच्या आत यावं की नाही ह्या विचारात सभा सुरू झाल्यापासून तिथंच बसून राहिली होती. ती कुणाकडे न बघता बोलली.

"ह्या बाईला म्या एकदा दार लावून घेतलं व्हतं. तवा ही बोलायची. माझी लेक गेली तवा समदेच बोलायले. सासू बोलायली, मालक बोलायले, गल्ली बोलायली. माझं कुणी ऐकलंच न्हाई. मला हिरीत उडी घ्यावी वाटायचं. मग ही आली अन् नुसती बसली. म्हणून मी हाय. तुमच्यात काय म्हणतात ते मला ठावं न्हाई. मला एवढंच सांगायचं व्हतं."

ही साक्ष होती की नव्हती, कुणाला सांगता येईना. साक्ष देणारी आमच्यातली नव्हती आणि जिच्याबद्दल सभा होती ती मुकी होती. आई बायकांमधून वाट काढत दारापर्यंत गेली, बाईचा हात धरून तिला आत आणलं आणि माझ्या शेजारी आपल्या जागेवर बसवलं. मग वडिलांकडे गेली आणि त्यांच्या कानाशी लागली. बराच वेळ. तिला दोनदा खोकला आला. वडील मान डोलवत होते.

मग ते उभे राहिले आणि गाडी भरलेली असताना लावतात त्या आवाजात म्हणाले, "ती म्हणती, आवाज आलेला न्हाई. तिला तो पायजे. रोज मागती, उद्याबी मागंल. पण ह्या दुखण्यात देव तिला सोडून गेला न्हाई. आधी जे दार लागलं व्हतं ते..." इथे त्यांचा तो मोठा आवाज फुटला. मी वडिलांना रडताना तोवर पाहिलं नव्हतं. त्यांनी टोपीने तोंड पुसलं आणि म्हणाले, "ते उघडलं. त्याचे आभार माना म्हणती."

पेटीवाले मामा पेटीवर डोकं टेकून बसले होते. आई त्यांच्यापाशी गेली आणि पेटीच्या लाकडावर बोटाने दोनदा ठोकलं. मामांना ह्या ठोक्यांचा अर्थ माहीत नव्हता. ते वर बघत राहिले. मी सतरंजीवरून मोठ्याने सांगितलं, "चालू द्या म्हणते!" मला देवळात ओरडल्याबद्दल कुणी बोललं नाही. मामांनी भाता हलवला. पहिली ओळ कुणी म्हणावी हे कुणाला कळेना, म्हणून ती सगळ्यांनीच म्हटली, जरा पुढेमागे, जरा बेसूर. आई उभी होती आणि तिचे ओठ शब्दाला शब्द जुळवत होते. पिशोरची बाई वाकळ मांडीवर घेऊन बसली होती. तिला गीत येत नव्हतं. ती आईच्या तोंडाकडे बघत होती.

जेवताना मामा आईच्या पुढ्यात येऊन बसले आणि सभेची घाई केली मी, असं म्हणाले. आईने त्यांच्या ताटात आणखी पुलाव वाढला आणि त्यांनी पुरे म्हटलं तरी थांबली नाही. पंच पुढच्या आठवड्यात बसले आणि उठले. आईचं काम तिच्याकडेच राहिलं. बोर्डिंगातलं धान्य दुसऱ्या कुणी निवडलं.

आवाज आला नाही. शेवटपर्यंत नाही. तो आला असता तर मला आवडलं असतं, हे मी आजही सरळ सांगते. दुखण्यातच आशीर्वाद असतो असं कुणी गोड तोंड करून म्हणालं की माझं डोकं फिरतं. माझ्या आईला गाता येत होतं आणि ते गेलं. ते नुकसानच होतं, आणि तिने त्याला कधी नफा म्हटलं नाही. पण ती दुपारच्या उन्हात छत्री घेऊन निघायची, कुणाच्या तरी उंबऱ्यात बसायची, आणि जी घरं तिच्या गाण्याला दार लावून घ्यायची ती तिच्या गप्प बसण्याला चहा करायची. पूर्वी घरी येऊन ती आपण काय सांगितलं ते आम्हाला ऐकवायची. आता काय ऐकलं ते कधीही कुणाला सांगितलं नाही. मी हजारदा विचारलं असेल. भिंतीवर एक ठोका.

पिशोरची बाई ख्रिस्ती झाली नाही. तिला पुढे मुलगा झाला, नवऱ्याची बदली झाली, ती परत आली, केस पिकले. दर वर्षी हंगामाच्या सणाला ती गावाकडची कणसं घेऊन यायची आणि दारापाशी बसायची. आमच्या शहराचं नावही आता बदललं, पण ती बसायची जागा बदलली नाही.

आई गेली तेव्हा मी स्वतः साठीला आले होते. छावणीतल्या दफनभूमीतून लोक परतले, घरी भेटायला आले, आणि सगळे बोलले. चांगलं मरण आलं म्हणाले. प्रभूजवळ आता ती गात असेल म्हणाले. खरंच असेल. माझाही तसा विश्वास आहे. पण त्या दिवशी प्रत्येक वाक्य मला दगडासारखं लागत होतं आणि मी मान हलवून थकले होते.

दुपारी पिशोरची बाई आली. काठी टेकत. आता तिचा एक पाय ओढत होता, आणि तिला दारातून आत येताना पाहून मला पाळकसाहेबांची ती नदीकाठची गोष्ट आठवली. पाय बरा का नाही केला, हे मी त्यांना विचारलं होतं. लंगडणारा माणूस सावकाश चालतो, आणि वाटेत बसलेल्या माणसापाशी थांबणं त्याला जमतं, एवढंच मला कळलं होतं. सांगायला मात्र पाळकसाहेब उरले नव्हते.

ती भिंतीला टेकून माझ्यासमोर जमिनीवर बसली. काही बोलली नाही. तिने माझं सांत्वन केलं नाही, डोळेही पुसले नाहीत. पाणी विचारलं तर मानेने नको म्हणाली. मग मी सांगायला लागले की आईचा आवाज कसा होता, छावणीच्या मैदानापलीकडून तिची हाक कशी यायची, आणि तो आवाज मला आता आठवत नाही, ताटावरचे ठोकेच आठवतात, खरा आवाज कसा होता ते मी विसरले आहे. तिथे मी थांबले.

म्हातारीने वाकड्या बोटाने फरशीवर दोनदा ठोकलं.